रोलँड हिल

सर रोलँड हिल (३ डिसेंबर, इ.स. १७९५ – २७ ऑगस्ट, इ.स. १८७९) हे इंग्लंडमधील शिक्षक, समाजसुधारक, प्रशासक आणि आधुनिक टपालव्यवस्थेचे प्रवर्तक होते. पत्राचे हशील अंतरावर न ठेवता वजनावर ठेवावे, ते सर्व देशभर एकच असावे आणि पत्र पाठविणाऱ्यानेच ते आगाऊ भरावे, ही त्यांनी मांडलेली तीन तत्त्वे इ.स. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये अमलात आली. त्यापूर्वी एखाद्या शहरातल्या शहरात पत्र पाठविण्यासाठी जो दर पडे, तोच दर या सुधारणेमुळे संपूर्ण देशाला लागू झाला. जगातील पहिले चिकट टपाल तिकीट, म्हणजे पेनी ब्लॅक, याच योजनेतून निघाले. पुढे बहुतेक सर्व देशांनी या तत्त्वांचा स्वीकार केला. भारतात इ.स. १८५४ मध्ये लागू झालेली अर्ध्या आण्याची टपालव्यवस्था याच विचारावर आधारलेली होती.

बालपण आणि शिक्षण

रोलँड हिल यांचा जन्म इंग्लंडच्या वूस्टरशायर परगण्यातील किडरमिन्स्टर या गावी झाला. थॉमस राइट हिल आणि सेरा ली हे त्यांचे आईवडील. वडील स्वतंत्र विचारांचे होते व त्यांना गणित आणि विज्ञान यांची विशेष आवड होती. इ.स. १८०३ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमजवळ हिल टॉप येथे एक शाळा चालविण्यास घेतली. रोलँड यांचे शिक्षण याच शाळेत झाले आणि वयाच्या सुमारे बाराव्या वर्षापासून ते तेथेच शिकवूही लागले. मॅथ्यू, एडविन, आर्थर आणि फ्रेडरिक हे त्यांचे भाऊ. या भावंडांनी पुढे आयुष्यभर एकमेकांच्या कार्यास हातभार लावला.

कुटुंबाची आर्थिक स्थिती ओढगस्तीची होती. त्या काळी पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. घरात पैसे नसताना टपालवाला एखादे पत्र घेऊन दारात उभा राहील, या विचाराने आपली आई धास्तावलेली असे, ही आठवण हिल यांच्या मनात कायम राहिली. टपालाच्या दराचा प्रश्न त्यांना अशा रीतीने लहानपणीच घरात दिसला होता.

शिक्षणक्षेत्रातील कार्य

इ.स. १८१९ मध्ये हिल कुटुंबाने बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागात हेझलवूड ही नवी शाळा बांधली. इमारतीचा आराखडा रोलँड यांनीच केला होता. तेथे दिव्यांसाठी गॅसची सोय होती. शाळेचा कारभार बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांकडे सोपविलेला असे. त्यांची स्वतःची नियमावली होती, निवडून आलेली समिती होती आणि तंटे सोडविण्यासाठी न्यायमंडळही होते. छडीची शिक्षा वर्ज्य होती. या प्रयोगाची माहिती देणारे पुस्तक इ.स. १८२२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर शाळेची ख्याती युरोपभर पसरली. तत्त्वचिंतक जेरेमी बेंथॅम यांनी तिची प्रशंसा केली. इ.स. १८२७ मध्ये लंडनजवळील टॉटनहॅम येथील ब्रूस कॅसल या वास्तूत शाळेची शाखा सुरू झाली आणि हिल तेथे राहावयास गेले. त्याच वर्षी कॅरोलाइन पिअर्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला एक पुत्र आणि तीन कन्या झाल्या.

इ.स. १८३३ मध्ये हिल यांनी अध्यापन सोडले. इ.स. १८३५ मध्ये त्यांनी चक्राकार फिरणाऱ्या छपाईयंत्राचे एकस्व घेतले. तथापि वृत्तपत्राच्या प्रत्येक कागदावर सरकारी कराचा शिक्का स्वतंत्रपणे उमटविण्याची सक्ती त्या काळी होती. कागदाच्या अखंड गुंडाळीवर छपाई करणारे हे यंत्र त्या नियमात बसत नसल्यामुळे ते वापरात येऊ शकले नाही. याच सुमारास ते दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापन करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे सचिव झाले.

सुधारणेपूर्वीची टपालव्यवस्था

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील टपालाचे दर अतिशय चढे आणि गुंतागुंतीचे होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात सरकारने उत्पन्नासाठी ते वेळोवेळी वाढविले होते. इ.स. १८१२ च्या दरपत्रकानुसार १५ मैलांपर्यंत ४ पेनी, ५० ते ८० मैलांसाठी ८ पेनी आणि २३० ते ३०० मैलांसाठी १२ पेनी, म्हणजे एक शिलिंग, असे हशील पडे. त्यापुढे दर १०० मैलांस आणखी एक पेनी वाढे. स्कॉटलंडला जाणाऱ्या पत्रावर अर्ध्या पेनीचा जादा आकार असे. हे दर एका कागदाच्या पत्राचे होते. कागद दोन असले की हशील दुप्पट होई आणि लिफाफा हाही एक कागदच धरला जाई. म्हणून लोक लिफाफा न वापरता कागदाचीच घडी घालून त्यावर पत्ता लिहीत. आत किती कागद आहेत हे पाहण्यासाठी टपाल कर्मचारी पत्रे दिव्यासमोर धरून तपासत.

याच काळात मोठ्या शहरांत त्या त्या शहरापुरते स्थानिक टपाल चालत असे आणि त्याचा दर अगदी कमी होता. अनेक गावांत तो एक पेनी होता, तर लंडनमध्ये दोन पेनी. लंडनमध्ये विल्यम डॉक्रा यांनी इ.स. १६८० मध्येच एक पेनीत पत्र पोहोचविण्याची सेवा सुरू केली होती. म्हणजे स्वस्त टपाल अस्तित्वात होते, परंतु ते गावाच्या वेशीपाशी संपत असे. वेशीबाहेर राहणाऱ्या नातलगाला, व्यापाऱ्याला किंवा कचेरीला पत्र लिहावयाचे झाले, की दर एकदम कित्येक पटींनी वाढे. शेतमजुराच्या दिवसभराच्या मजुरीचा मोठा भाग एका दूरच्या पत्रात जात असे. कारखान्यांच्या शहरांत कामासाठी गेलेली मुले आणि खेड्यातील आईबाप यांच्यातला पत्रव्यवहार त्यामुळे जवळजवळ बंद पडे.

याउलट संसदेच्या सदस्यांना आणि काही अधिकाऱ्यांना केवळ स्वाक्षरीवर पत्रे फुकट पाठविण्याचा अधिकार होता. या सवलतीचा लाभ त्यांचे मित्र, आप्त आणि ओळखीचे व्यापारीही घेत. ज्यांची ऐपत होती त्यांना टपाल फुकट मिळे आणि त्याचा भार ज्यांची ऐपत नव्हती त्यांच्यावर पडे, अशी ही उलटी रचना होती.

हे दर चुकविण्यासाठी लोकांनी नाना युक्त्या शोधल्या होत्या. पत्रे गाडीवाल्यांच्या आणि प्रवाशांच्या सामानातून बेकायदा नेली जात. शिक्का असलेली वृत्तपत्रे टपालाने फुकट जात, म्हणून छापील अक्षरांखाली टाचणीने भोके पाडून त्यांतून निरोप पाठविला जाई. पत्त्याच्या लिखाणात ठरलेली खूण केलेली असे. ती पाहून घेणाऱ्याला कुशल कळे आणि तो पत्र न घेताच परत करी. कवी कोलरिज यांच्यासमोर घडलेली अशा एका पत्राची कथा हिल यांनी आपल्या पुस्तिकेत दिली होती. पुढे लोकांनी ती हिल यांच्याच नावावर घातली. सरकारच्या तिजोरीत मात्र या परत केलेल्या पत्रांमुळे, ती वाहून नेल्यानंतरही, काहीच पडत नसे.

टपाल सुधारणेचा विचार

हिल यांचा टपाल खात्याशी कोणताही संबंध नव्हता. स्कॉटलंडमधील ग्रीनॉकचे संसद सदस्य रॉबर्ट वॉलेस हे इ.स. १८३३ पासून टपाल खात्याच्या कारभारावर टीका करीत होते. त्यांच्याकडून मिळालेल्या अहवालांचा आणि आकडेवारीचा हिल यांनी अभ्यास केला. इ.स. १८१५ ते इ.स. १८३५ या वीस वर्षांत लोकसंख्या, व्यापार आणि प्रवास हे सर्व वाढले असताना टपालाचे उत्पन्न मात्र वाढलेले नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. याच काळात घोडागाड्यांवरील कराचे उत्पन्न दुपटीहून अधिक झाले होते. दर चढे ठेवल्यामुळे सरकारचा लाभ होत नसून तोटाच होत आहे, असे अनुमान त्यांनी यावरून काढले.

त्यानंतर त्यांनी एका पत्रामागे खात्याला प्रत्यक्ष किती खर्च येतो याचा हिशेब मांडला. लंडनहून सुमारे ४०० मैलांवरील एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खर्च त्यांच्या गणिताप्रमाणे एका पेनीचा केवळ छत्तिसावा हिस्सा होता. घोडागाडी शेकडो पत्रे एकाच वेळी नेत असल्यामुळे तो खर्च सर्व पत्रांत वाटला जाई. खरा खर्च होता तो पत्र स्वीकारणे, त्याचे अंतर मोजणे, आकार ठरविणे, नोंद ठेवणे आणि दारोदार फिरून पैसे वसूल करणे यांचा. हा खर्च पत्र जवळ जावो की दूर, सारखाच होता. म्हणजे ज्या अंतरासाठी लोकांकडून पैसे घेतले जात, त्या अंतराचा खर्च नगण्य होता आणि मोठा खर्च पैसे घेण्याच्या पद्धतीचाच होता. हाच हिल यांच्या संपूर्ण योजनेचा गाभा होय.

यावरून त्यांनी असे सुचविले की, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशात कोठेही एक पेनी हशील असावे व ते आगाऊ भरले जावे. आगाऊ भरण्यासाठी शिक्का मारलेले लिफाफे आणि मागे डिंक लावलेले कागदाचे लहान तुकडे विकावेत. दर एकच असला की अंतर मोजावे लागणार नाही, वजनावर असला की कागद मोजावे लागणार नाहीत आणि आगाऊ भरला की दारात पैशांसाठी थांबावे लागणार नाही. आरंभी त्यांची योजना मुख्य टपाल कचेऱ्यांच्या गावांपुरती होती. आडगावांपर्यंतच्या वाटपासाठी वेगळा आकार घ्यावा असे त्यांनी मांडले होते. हा भेद पुढे सोडून देण्यात आला आणि एक पेनीचा दर सर्वांनाच लागू झाला.

या विचारांची टपाल सुधारणा : तिचे महत्त्व आणि व्यवहार्यता या आशयाच्या शीर्षकाची पुस्तिका इ.स. १८३७ च्या आरंभी त्यांनी प्रथम खासगी रीतीने छापून सरकारला सादर केली आणि नंतर प्रसिद्ध केली.

विरोध आणि लोकमत

टपाल खात्याने योजनेला कडवा विरोध केला. पोस्टमास्टर जनरल लॉर्ड लिचफिल्ड यांनी संसदेत तिची संभावना वेडगळ कल्पना अशी केली. खात्याचे सचिव कर्नल मेबर्ली यांच्या मते उत्पन्न बुडणार हे निश्चित होते. पत्रांची संख्या एकदम वाढली तर इमारती आणि कर्मचारी अपुरे पडतील, असाही आक्षेप घेतला गेला.

जनतेने मात्र योजना उचलून धरली. लंडनच्या व्यापाऱ्यांनी समिती स्थापन केली. तिच्या प्रचाराचे काम हेन्री कोल यांनी कल्पकतेने केले. वॉलेस यांच्या अध्यक्षतेखाली इ.स. १८३७ च्या अखेरीस संसदेची चौकशी समिती नेमली गेली. व्यापारी, प्रकाशक, गाडीवाले अशा अनेकांच्या साक्षी तिने घेतल्या. बेकायदा पत्रवाहतूक किती प्रचंड प्रमाणावर चालते, हे या साक्षींतून उघड झाले. इंग्लंडमध्ये मजुरी करणाऱ्या गरीब आयरिश लोकांना घरी पत्र पाठविणे परवडत नाही, या मुद्द्यावर आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांनी योजनेला पाठिंबा दिला. इ.स. १८३९ मध्ये संसदेकडे दोन हजारांहून अधिक विनंतिअर्ज आले. अखेर लॉर्ड मेलबर्न यांच्या सरकारने विधेयक मांडले आणि १७ ऑगस्ट, इ.स. १८३९ रोजी त्यास राजसंमती मिळाली.

पेनी टपालाची अंमलबजावणी

योजना राबविण्यासाठी हिल यांची नेमणूक टपाल खात्यात न होता अर्थखात्यात झाली. त्यांना टपाल कर्मचाऱ्यांवर थेट अधिकार नव्हता. ५ डिसेंबर, इ.स. १८३९ रोजी तात्पुरता ४ पेनींचा सरसकट दर सुरू झाला आणि १० जानेवारी, इ.स. १८४० पासून एक पेनीचा दर लागू झाला. त्याच दिवशी संसद सदस्यांची फुकट टपालाची सवलत संपली. राणी व्हिक्टोरिया यांनीही आपला तो हक्क सोडला. पैसे न भरता टाकलेल्या पत्राला दुप्पट हशील पडे, त्यामुळे आगाऊ भरण्याची सवय लोकांना लवकर लागली.

तिकिटांच्या नमुन्यांसाठी सरकारने स्पर्धा घेतली. तिला सुमारे २,६०० सूचना आल्या, परंतु त्यांपैकी एकही जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही. विल्यम वायन यांनी घडविलेल्या पदकावरील राणीच्या मुखवट्यावरून तिकिटाचे चित्र तयार करण्यात आले. सर्वांच्या ओळखीच्या चेहऱ्यात थोडाही फरक पडला तरी तो चटकन लक्षात येतो, म्हणून नकली तिकिटे बनविणे अवघड जावे हा त्यामागचा हेतू होता. काळ्या रंगातील एक पेनीचे आणि निळ्या रंगातील दोन पेनींचे अशी तिकिटे ६ मे, इ.स. १८४० पासून वापरात आली. तिकिटावर देशाचे नाव नव्हते. टपाल तिकिटांवर देशाचे नाव न छापण्याची प्रथा ब्रिटनने आजतागायत चालू ठेवली आहे.

तिकिटांसोबतच चित्रकार विल्यम मलरेडी यांनी सजविलेले लिफाफेही विक्रीस आले. हिल यांना त्यांच्याकडून मोठी अपेक्षा होती, परंतु त्यांवरील भव्य रूपकचित्राची लोकांनी इतकी थट्टा केली की ते लवकरच मागे घ्यावे लागले. काळ्या तिकिटावरील तांबडा शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरता येत असल्यामुळे इ.स. १८४१ मध्ये तिकीट तांबड्या रंगाचे आणि शिक्का काळा करण्यात आला.

परिणाम

इ.स. १८३९ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ७.६ कोटी पत्रे पाठविली गेली होती. इ.स. १८४० मध्ये ती संख्या सुमारे १६.९ कोटींवर गेली आणि दहा वर्षांत ३४ कोटींच्या पुढे पोहोचली. तथापि उत्पन्नाबाबत हिल यांचा अंदाज चुकला. पत्रे लगेचच पाचपट होतील ही त्यांची अपेक्षा फोल ठरली आणि खात्याचे निव्वळ उत्पन्न पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख पौंडांवरून ५ लाख पौंडांवर आले. एकूण उत्पन्न पूर्वपदावर यावयास साधारण एक दशक लागले आणि निव्वळ उत्पन्नास त्याहूनही बराच अधिक काळ लागला. विरोधकांनी या घसरणीचा पुढे वारंवार उल्लेख केला. टपाल हे सरकारी उत्पन्नाचे साधन मानावयाचे की सार्वजनिक सोय मानावयाची, हा या वादातील खरा प्रश्न होता. जनतेने दुसऱ्या बाजूने कौल दिल्यामुळे कोणत्याही सरकारला जुने दर परत आणता आले नाहीत.

सुधारणेचा लाभ घरगुती पत्रव्यवहारापुरता मर्यादित राहिला नाही. दुकानांचे दरपत्रक, संस्थांची वर्गणी, औषधांची मागणी, नोकरीचे अर्ज हे सर्व टपालाने होऊ लागले. धान्य कायद्यांविरुद्ध चळवळ करणाऱ्या संघटनेने आपली पत्रके या स्वस्त टपालानेच देशभर पोहोचविली. दाराला पत्रपेटीची फट ठेवण्याची प्रथाही याच काळात रूढ झाली, कारण पत्र देताना आता पैसे घ्यावे लागत नव्हते.

पदच्युती आणि पुनरागमन

इ.स. १८४१ मध्ये सर रॉबर्ट पील यांचे सरकार सत्तेवर आले आणि इ.स. १८४२ मध्ये हिल यांची नेमणूक संपविण्यात आली. योजनेचे अनेक भाग तोपर्यंत अपुरेच होते. पुढे हिल लंडन–ब्रायटन रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावर गेले आणि तिचे अध्यक्ष झाले. जलद गाड्या आणि सुटीच्या दिवशी स्वस्त दराच्या सहलीच्या गाड्या त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाल्या. दर कमी केल्यास वापर वाढतो, हे तत्त्व त्यांनी रेल्वेलाही लावून पाहिले. इ.स. १८४६ मध्ये कृतज्ञतेपोटी जनतेने जमविलेली सुमारे १३,००० पौंडांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली.

त्याच वर्षी लॉर्ड जॉन रसेल यांच्या सरकारने त्यांना पोस्टमास्टर जनरलचे सचिव म्हणून परत बोलाविले. मेबर्ली मात्र खात्याचे सचिव म्हणून कायम राहिले. एकाच खात्यात दोन विरोधी सचिव ही विचित्र स्थिती इ.स. १८५४ पर्यंत टिकली. त्या वर्षी हिल खात्याचे एकमेव सचिव झाले. पुस्तकांसाठी स्वस्त टपाल, मनीऑर्डर विभागाची सुधारणा, लंडनची टपालासाठी दहा विभागांत वाटणी ही या काळातील महत्त्वाची कामे होत. नेमणुका आणि बढत्या वशिल्याऐवजी गुणवत्तेवर व्हाव्यात, असाही त्यांचा आग्रह असे.

हिल यांचा स्वभाव हट्टी होता. टीका त्यांना सहन होत नसे आणि योजनेचे श्रेय इतरांशी वाटून घेणे त्यांना जड जाई. खात्यात नोकरीस असलेले कादंबरीकार अँथनी ट्रॉलप आणि हिल यांचे कधीच पटले नाही. हिल यांना आकडे कळतात पण माणसे कळत नाहीत, अशा आशयाची टीका ट्रॉलप यांनी केली. भावांना खात्यात घेतल्याबद्दलही त्यांच्यावर आक्षेप घेतले गेले. इ.स. १८६४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने आणि वरिष्ठांशी झालेल्या मतभेदांमुळे ते निवृत्त झाले.

श्रेयाचा वाद

चिकट तिकिटाचा शोध कोणी लावला, याविषयी हिल यांच्या हयातीतच वाद सुरू झाला होता. स्कॉटलंडमधील डंडी येथील पुस्तकविक्रेते जेम्स चामर्स यांनी अशा तिकिटांचे नमुने तयार केले होते. त्यांचे पुत्र पॅट्रिक यांनी वडिलांच्या बाजूने दीर्घकाळ लेखन केले. तिकिटाच्या कल्पनेबाबत मतभेद असले, तरी खर्चाचा हिशेब मांडून सरसकट दराची व्यवस्था सिद्ध करण्याचे आणि ती अमलात आणण्याचे श्रेय हिल यांनाच दिले जाते.

भारतातील प्रभाव

कंपनी सरकारच्या अमलाखालील भारतातही टपालाचे दर अंतरावर अवलंबून होते. इ.स. १८३७ च्या कायद्यानंतर मुंबई ते कलकत्ता एक तोळा वजनाच्या पत्रास एक रुपया हशील पडे. मुंबई इलाख्याचा भाग असलेल्या सिंधचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी इ.स. १८५२ मध्ये आपल्या प्रांतात अर्ध्या आण्याचा दर आणि सिंध डाक ही तिकिटे सुरू केली. आशियातील ही पहिली चिकट तिकिटे होत. फ्रिअर यांनी त्यापूर्वी साताऱ्यात रेसिडेंट म्हणून काम केले होते आणि पुढे ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत इ.स. १८५४ चा टपाल कायदा झाला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास देशभर अर्धा आणा हा दर लागू झाला. मुंबईहून पुण्याला जाणारे पत्र आणि मुंबईहून कलकत्त्याला जाणारे पत्र यांचा दर आता एकच झाला. हशील न भरता टाकलेल्या, म्हणजे मराठीत नॉटपेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पत्रास येथेही दुप्पट आकार पडे. कोकणातून आणि देशावरून मुंबईत कामासाठी आलेल्या माणसांचा गावाशी संबंध पुढील शंभर वर्षे प्रामुख्याने याच टपालाने आणि मनीऑर्डरने टिकवून ठेवला.

टपालापासून दूरध्वनीपर्यंत

हिल यांचे तत्त्व संपर्काच्या इतर साधनांनाही लावले गेले. इ.स. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने तारसेवा आपल्या ताब्यात घेतली, तेव्हा २० शब्दांच्या तारेस अंतर न पाहता एक शिलिंग असा सरसकट दर ठरविण्यात आला. दूरध्वनीच्या बाबतीत मात्र स्थानिक आणि दूर पल्ल्याचे असे वेगवेगळे दर दीर्घकाळ राहिले. दूरच्या ग्राहकांनाही आपल्याशी स्थानिक दरात बोलता यावे, यासाठी ब्रिटनमध्ये इ.स. १९८५ पासून संस्थांना कोणत्याही गावाशी न जोडलेले विशेष क्रमांक मिळू लागले. ०८०० ने सुरू होणारे क्रमांक फुकट होते आणि ०३४५ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांना स्थानिक दर पडे.

पुढे दूरध्वनीचे सर्वसाधारण दर उतरले, परंतु ०८४५ आणि ०८७० यांसारख्या क्रमांकांचे दर त्याप्रमाणे उतरले नाहीत. फोन करणाऱ्याने दिलेल्या पैशांतील काही वाटा बोलाविलेल्या संस्थेकडेही जाऊ लागला. चौकशी किंवा तक्रार करण्यासाठी ग्राहकालाच जादा पैसे मोजावे लागत असल्याने लोक त्याच संस्थांचे साधे, गावाच्या संकेतांकाचे क्रमांक शोधून एकमेकांना कळवू लागले. नियामक संस्था ऑफकॉम हिने इ.स. २००७ मध्ये ०३ ने सुरू होणारे क्रमांक आणले. त्यांचा दर साध्या क्रमांकाइतकाच ठेवणे बंधनकारक आहे आणि त्यांतील वाटा संस्थेला घेता येत नाही. जून, इ.स. २०१४ पासून, खरेदी झाल्यानंतर ग्राहकाने विक्रेत्याला करावयाच्या फोनसाठी साध्या दराहून अधिक आकार पडता कामा नये, असा नियम ब्रिटनमध्ये लागू झाला. संपर्काची किंमत आधी माहीत असावी, ती प्रत्यक्ष खर्चाशी सुसंगत असावी आणि ती सर्वांना सारखी असावी, हा हिल यांचा आग्रह या नियमांतही आढळतो.

सन्मान आणि मृत्यू

हिल यांना इ.स. १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि इ.स. १८६० मध्ये सर हा किताब मिळाला. निवृत्तीच्या वेळी संसदेने त्यांना २०,००० पौंडांचे अनुदान दिले व पूर्ण वेतन निवृत्तिवेतन म्हणून चालू ठेवले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. इ.स. १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या करारातून पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला आणि परदेशी पत्रांचे दरही देशोदेशी समान होऊ लागले. भारत या संघात इ.स. १८७६ मध्ये सामील झाला. हा बदल हिल यांना पाहता आला. इ.स. १८७९ मध्ये लंडन शहराने त्यांना मानाचे नागरिकत्व बहाल केले. त्याच वर्षी २७ ऑगस्ट रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी आणि पेनी टपालाचा इतिहास त्यांचे पुतणे जॉर्ज बर्कबेक हिल यांनी इ.स. १८८० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. किडरमिन्स्टर आणि लंडन येथे हिल यांचे पुतळे आहेत. टॉटनहॅम येथील ब्रूस कॅसल या त्यांच्या शाळेच्या वास्तूत आज संग्रहालय असून तेथे टपालाच्या इतिहासाशी संबंधित वस्तू जतन केलेल्या आहेत.